वाघ डावीकडे, सतरा बाया उजवीकडे

३ मार्च २०२५, सोमवार

आज पहिल्यांदा मला वनखात्यातलं कुणीतरी म्हणालं, "बाई, काय काढायचं ते तुम्हीच ठरवा." लग्नघरांच्या भिंतींवर नवरा-नवरीची नावं लिहिण्यात आणि ग्रामपंचायतींच्या घोषणा रंगवण्यात माझी अकरा वर्षं गेली. एटीडी करून चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं, ती जागा काही निघाली नाही. असो. वही नवी आहे, रडगाणं नको.

काम असं आहे. कोसंबटोला नावाचं लहानसं गाव, पोंभुर्ण्याहून माझ्या स्कुटीने पाऊण तास, चारी बाजूंनी जंगल. गावाच्या टोकाला समाजमंदिर, त्याची लांबलचक भिंत. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडची पायवाट नाल्याला जाते आणि उजवीकडची बोडीला, म्हणजे गावतळ्याला. नाल्याकडे दोन पिल्लांची वाघीण येऊन राहिली आहे. मोहफुलं पडायला आता आठवडा उरलाय. फुलं पडू लागली की बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात आणि दोन-तीन तास वाकून वेचत राहतात. वनरक्षक अंकुश म्हणाला, वाकलेली बाई वाघाला माणूस वाटतच नाही. गेल्या मोसमात याच गावची एक बाई अशीच गेली. तिची सून रंजीता आज माझ्यासाठी चहा घेऊन आली होती. पंचविशीची असेल. मी तिच्याकडे धड बघूही शकले नाही.

म्हाताऱ्या बायांना वाचता येत नाही, म्हणून बोर्ड नको, चित्र हवं. नाल्याकडे जाऊ नका, बोडीकडे जा, मिळून जा. एवढंच सांगायचं आहे.

५ मार्च, बुधवार

एटीडीच्या सरांच्या वर्गातली संकल्पचित्राची जुनी वही माळ्यावरून काढली. तोल, लय, प्रमाण, विरोध, केंद्रबिंदू, सगळं माझ्याच गोल गोल अक्षरात. सर म्हणायचे, बघणाऱ्याचा डोळा आधी कुठे जाईल ते तुम्ही ठरवायचं, त्याच्यावर सोडायचं नाही.

कागदावर भिंतीचे तीन भाग पाडले. डाव्या रेघेवर वाघीण, मोठी, नारिंगी. मागे गर्द हिरवं, म्हणजे नारिंगी अंगावर येईल. उजवीकडे लहान लहान सहा बाया, डोक्यावर टोपल्या, बोडीकडे निघालेल्या. मोठं आणि लहान, थांबलेलं आणि चालणारं, एकातून दुसरं. इतकं बिनचूक काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

रोशनला फोनवर फोटो पाठवला. नवरा माझा, ऊर्जानगरला वीज केंद्रात कंत्राटी कामावर आहे, रविवारचा येतो. म्हणाला, "वाघ एकदम झकास हाय." मी म्हटलं, आणि बाया? म्हणाला, "बाया कुठी हाय?" मोबाइलची काच फुटलीय त्याच्या, त्याला दिसणार काय!

९ मार्च, रविवार

वाघीण झाली. शेवटी डोळ्यांत पांढरा ठिपका दिला आणि खाली उतरून वळून पाहिलं तर मलाच एक पाऊल मागे जावंसं वाटलं. सगळं गाव भिंतीसमोर जमलं. एक गाय दोरी सोडवून पळाली, त्यावर दोन दिवस पुरेल एवढं हसू झालं.

नीलाबाई बराच वेळ उभी होती. साठीची आहे, सुपारीसारखी टणक, मोह वेचणाऱ्या बायांची ती म्होरकी. उजवीकडच्या बायांवर बोट ठेवून म्हणाली, "ह्या कोण होत वो?"

"तुम्हीच सगळ्या."

"आमी एवढुशा?"

मी तिला प्रमाण समजावून सांगितलं. मुख्य गोष्ट मोठी, बाकीच्या गौण, म्हणजे डोळा बरोबर जागी जातो. तिने मान हलवली. म्हणाली, "जागी तं गेला." मला फार बरं वाटलं. शिकलेल्यांपेक्षा यांनाच लवकर कळतं.

१२ मार्च, बुधवार

मोह पडायला लागलाय. गावात शिरतानाच गोड आंबूस वास आला.

कडेची रेघ ओढायला गेले तर वाघिणीच्या कपाळावर कुंकू! पायाशी फुटलेला नारळ, उदबत्त्यांची राख, मोहाची चार फुलं. वाघोबा म्हणून पुजलाय माझा वाघ. रंजीता म्हणाली, बाया पहाटे आधी इथे हात जोडतात आणि मग जंगलात शिरतात.

खोटं कशाला लिहू, आनंद झाला. सरांच्या वर्गातल्या कुणाच्या चित्राला असा नारळ फुटला असेल? रोशनला सांगितलं तर म्हणाला, आता आपल्या घरी आरती लाव.

१७ मार्च, सोमवार

आज न जेवताच वही उघडली.

धुळवडीनंतर आज गेले. समाजमंदिराच्या पायरीवर रंजीता बसलेली, गुडघा सोललेला, साडी फाटलेली. पहाटे नाल्याकडे तिच्या सासूच्या मोहाखाली फुलं वेचत होती. मान वर केली तर वाघीण समोर, अंगणाएवढ्या अंतरावर. टोपली टाकून ही मागे मागे सरकली, मग ओरडली, बाया धावल्या आणि वाघीण झुडपात गेली.

"अगं, नाल्याकडे गेलीसच कशी? भिंतीवर एवढं मोठं काढलंय ना?"

"हो ना मॅडम. हात जोडूनच गेली मी. रोज जोडतो आमी. म्हून तं देवानं सोडलं."

बाकीच्या बायाही माना हलवत होत्या, खरंय म्हणून. भीती वाटावी म्हणून मी वाघ काढला आणि याच वाघाच्या भरवशावर त्या नाल्याकडे जातायत. डोळा जावा तिथेच गेला, इतका गेला की तिथून हललाच नाही. उजवीकडच्या बाया कुणी पाहिल्याच नाहीत. रोशनला दिसल्या नव्हत्या तेव्हाच मला कळायला हवं होतं, मी काचेला दोष देत बसले.

आज ती गेली असती तर ते माझ्यामुळे. हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही.

१८ मार्च, मंगळवार

सकाळीच चुन्याची बादली घेऊन गेले. वाघीण पुसून टाकायची आणि फक्त बाण काढायचा, असं रात्रभर ठरवलं होतं. पहिला हात मारणार तोच नीलाबाईने मनगट धरलं.

"देवावर चुना मारतं का वो बाई?"

"मग तुम्ही नाल्याकडे जायचं थांबवा! बोडीकडे का जात नाही? तिकडे मोह नाही का?"

"हाय ना. भरपूर हाय. पन थे झाडं गुणाबाईची आन तिच्याकडच्या घरायची. आठ घरायची बोडीकडं, नऊ घरायची नाल्याकडं. माहा मोह नाल्याकडं, रंजीताचा बी. बापजाद्यापासून वाटलेलं हाय. दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली घेऊन बसलं तं त्याले चोरी म्हंतेत आमच्यात."

ही झाडांची भानगड मला माहीत नव्हती. पण तो त्यांचा आपसातला मामला, माझा प्रश्न चित्राचा. मी तिला समजावलं की चूक केंद्रबिंदूची झाली. वाघ फार उठून आला आणि बाया दबल्या.

नीलाबाईने ऐकून घेतलं. तिला ऐकून घेता फार चांगलं येतं. मग म्हणाली, "मंग असं कर. थो वाघ राहू दे. ह्या बारक्या बाया पुसून टाक आन नव्यानं काढ. मोठ्या काढ, वाघाएवढ्या. कोन कोनाच्या बाजूले बसन थे मी सांगन."

चित्राची मांडणी आता नीलाबाई सांगणार! पण माझ्या मांडणीने काय झालं ते काल पाहिलंच. हो म्हटलं.

२० मार्च, गुरुवार

आजचा दिवस म्हणजे नुसती बडबड. सतरा बाया भिंतीसमोर बसल्या आणि दोन तास गोंडीत भांडल्या. मला एक अक्षर कळलं नाही. मधूनमधून 'मोह' आणि 'भिंत' एवढं ऐकू यायचं. सगळ्यांत जास्त गुणाबाईचा आवाज. पन्नाशीची, अंगाने भरलेली, बोडीकडचे सगळ्यांत मोठे मोह तिच्या घरचे. मी ब्रश भिजत घालून बसले होते. एवढ्याशा चित्रासाठी माणसं किती हळवी होतात ते पाहून गंमत वाटली.

शेवटी नीलाबाई माझ्याकडे वळली. "काढ आता. हे पयलं झाड गुणाबाईचं. त्याच्या बुडखाशी पोकळ भोकसा हाय, थो बी काढजो. त्याच्या खाली गुणाबाई. आन तिच्या बाजूले रंजीता. दोघीयच्या टोपल्या सारख्या काढजो. एक बोटभर बी लहानमोठी नाई."

गुणाबाईचं तोंड आंबट. बहुतेक साडीचा रंग आवडला नसावा. मी विचारलं, जांभळी करू का? ती म्हणाली, "काई बी कर." मग जांभळीच केली, हिरव्या काठाची, तिच्या अंगावर होती तशी.

असं एकेक झाड, त्याच्याखाली दोन-दोन बाया. नीलाबाई नाव सांगते, ती बाई उठून उभी राहते, मी साडी बघून घेते. दोघींतली एकजण मान डोलावते आणि दुसरी जरा वेळाने. मगच नीलाबाई म्हणते, काढ.

२३ मार्च, रविवार

आठ झाडं, सोळा बाया झाल्या. सतरावी नीलाबाई स्वतः, ती बसलेली नको म्हणाली. कडेला उभी, हातात काठी, तोंड नाल्याच्या दिशेला. "एकीनं उभं राह्याव लागते," म्हणाली.

मी तिला लय समजावली. एक झाड, दोन बाया, पुन्हा झाड, पुन्हा दोन बाया, अशी आवर्तनं आली की चित्र चालायला लागतं. तुम्हाला शिकवल्याशिवाय हे कसं सुचलं, असं कौतुकाने विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "सुचवाव लागलं वो बाई. दोन रात्री झोप नाई माही."

पण तोल गेलाय, हे लिहिलंच पाहिजे. उजवीकडे बायांची दाटी, पाय ठेवायला जागा नाही. डावीकडे एकटा वाघ. वाघ आणि बायांच्या मधला पट्टा तिने मला तांबड्या मातीच्या रंगाने सरळ भरायला लावला. मी म्हटलं, निदान दोन झुडपं, एखादा मोर. "काईच नाई. थे त्याची जागा. तिथी आपलं काई नाई." सरांनी हे पाहिलं असतं तर वही फेकून मारली असती.

गुणाबाई संध्याकाळी आली आणि आपल्या चित्रासमोर खूप वेळ उभी राहिली. मी विचारलं, जमलंय का? म्हणाली, "जमलं म्हंजे! सारा गाव पाहून राह्यला. भिंतीवर निघालं तं निघालं. आता नाई कशी म्हनू?" एवढी मोठी पावती मला आजवर कुणी दिली नव्हती.

२५ मार्च, मंगळवार

अंकुशचा फोन. कालपासून सगळ्या बाया बोडीकडेच जातायत, एकदम, हसत-खिदळत. नीलाबाई काठी घेऊन उभी असते. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या चित्रानं कमाल केली. मी दोन वर्षांपासून सांगून राह्यलो, कोणी ऐकत नव्हतं." मी म्हटलं, केंद्रबिंदू बदलला की असं होतं. तो हो हो म्हणाला. आज कित्येक दिवसांनी भूक लागल्यासारखी भूक लागली, दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२७ मार्च, गुरुवार

पुन्हा जिवाला घोर.

पाण्याने रंग जाऊ नये म्हणून वरचा हात द्यायला गेले होते. रंजीता आणि गुणाबाईचं काहीतरी बिनसलंय. गुणाबाई सगळ्यांदेखत म्हणाली की रंजीताची टोपली तिच्या टोपलीपेक्षा आधी भरते, बसायला जागा दिली म्हणून झाड दिलं नाही. रंजीताने आपली टोपली उचलली. जाताना माझ्याजवळ थांबली आणि डाव्या पायवाटेकडे बघत म्हणाली, "सासूच्या झाडाखाली फुलायचा सडा पडला असन मॅडम. सडून राह्यला सारा. माह्या हक्काचा."

मी तिला म्हटलं, जाऊ नकोस हं. ती म्हणाली, "नाई ना." पण नजर तिकडेच होती.

नीलाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मले दिसून राह्यलं." बस, एवढंच.

२९ मार्च, शनिवार

सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

काल मन लागेना, म्हणून आज सकाळी काम नसताना गेले. साडेसात वाजले असतील. समाजमंदिराजवळ स्कुटी लावली आणि डावीकडून, नाल्याच्या बाजूने आवाज आला. मी वाघाचा आवाज याआधी ऐकलेला नव्हता. तो कानाला नाही, पोटाला ऐकू येतो. मग एखादं जनावर दाबल्यासारखं हंबरणं, मग वानरांचा खकखकाट, मग काहीच नाही.

अंकुश आणि गावातली माणसं डबे बडवत नाल्याच्या वाटेपर्यंत गेली आणि थांबली. अंकुशने दुर्बिणीतून पाहिलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. वाघिणीने कुणाचा तरी गोऱ्हा पाडला होता. "रंजीताच्या मोहाखाली," तो म्हणाला. "तिथी दुसरं काही हाय का, थे नाई दिसत. गवत हाय."

बोडीकडून बाया धावत येऊ लागल्या. आवाज त्यांनीही ऐकला होता. सगळ्या एकदम बोलत होत्या, रडत होत्या, कोण आलं, कोण नाही, कुणालाच कळेना. मीही मोजायला लागले आणि दोनदा चुकले. तेव्हा नीलाबाई भिंतीसमोर जाऊन उभी राहिली आणि काठी आपटून ओरडली, "चूप! आपापल्या जागी!"

आणि बाया भिंतीशी गेल्या. प्रत्येकीने आपल्या चित्रावर हात ठेवला. कुणी स्वतःच्या तोंडावर, कुणी टोपलीवर, कुणी साडीच्या काठावर. मोहाच्या रसाने चिकट झालेले हात, मातीने भरलेले, माझ्या ताज्या रंगावर. नीलाबाईने स्वतःच्या चित्रावर एक हात ठेवला आणि शेवटच्या झाडापासून काठी फिरवत इकडे आली. आठवं झाड, दोघी. सातवं, दोघी. दुसऱ्या झाडापर्यंत सगळ्या होत्या.

पहिल्या झाडाखाली कुणी नव्हतं. जांभळी साडी तशीच, तिच्या शेजारी रंजीता तशीच, दोन सारख्या टोपल्या. त्यांच्यावर कुणाचाच हात नव्हता.

कुणी रडलं नाही. हात ठेवला होता तो एकीनेही काढला नाही. मी मनात म्हणत होते, गुणाबाई रागावून घरी गेली असेल आणि रंजीता... पुढचं वाक्य मी पुरं करत नव्हते.

मग उजवीकडच्या पायवाटेवरून गुणाबाईचा आवाज आला. शिव्या देत होती. झाडाच्या मुळाला, स्वतःच्या पायाला, सरकारला, वाघाला. पाय मुरगळलेला, घोट्याशी सुजलेला, आणि सगळा भार रंजीताच्या खांद्यावर. रंजीताच्या डोक्यावर एक टोपली, कमरेला दुसरी, घामाने नुसती निथळत होती.

नीलाबाईच्या हातातून काठी पडली. "टोपल्या तं टाकायच्या होत्या वो पोरी," एवढंच म्हणाली आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. मग सगळ्याच.

मी रंजीताला विचारलं, "मागे राहिलीस कशाला? बाकीच्या पळाल्या, तूही पळायचं ना!"

ती दम खात म्हणाली, "गुणाबाईच्या झाडाखाली काढलं ना तुमी मले. सोबत निघाली तं सोबतच येईन ना. टाकून कशी येऊ?"

गुणाबाईने तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली. दोन्ही टोपल्या जवळ जवळ ठेवल्या, आपल्यातली दोन ओंजळी फुलं काढून रंजीताच्या टोपलीत टाकली आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "भरली नाई अजून तिची." मला काही कळलं नाही. टोपली भरलेलीच होती.

मग लंगडत लंगडत दोघी भिंतीशी गेल्या. गुणाबाईने जांभळ्या साडीवर हात ठेवला, रंजीताने आपल्यावर. अंकुश मोठ्याने म्हणाला, "सतरा!" आणि डबे बडवणाऱ्या माणसांनी उगाचच पुन्हा डबे बडवले.

मी खूप रडले. रोशनला फोन केला आणि फोनवरही रडतच राहिले, तो घाबरून अर्धी पाळी टाकून मोटरसायकलवर आला. आल्यावर त्याने आधी मला पाहिलं आणि मग भिंत. या वेळी त्याला बाया दिसल्या.

बाया घरोघर गेल्यावर मी ओलं फडकं घेऊन भिंत पुसायला गेले, कारण माझा वरचा हात पार खराब झाला होता. उजवीकडे सतरा हातांचे चिकट, तांबूस ठसे, काहींत मोहाची पाकळी अडकलेली. मग डावीकडे गेले. वाघापासून बायांपर्यंतचा तो तांबड्या मातीचा मोठा पट्टा सबंध तपासला, वर, खाली, कोपऱ्यात. तिथे एकाही हाताचा ठसा नव्हता. फडकं पिळून बादलीवर वाळत टाकलं आणि काही पुसलं नाही.